इंजिनचा ठोका : शिसं, इथेनॉल आणि नागपूरचा मे महिना

नागपुरात पंचवीस-तीस वर्षं जुनी गाडी गॅरेजला नेली की मालकाचं पहिलं वाक्य बहुधा ठरलेलं असतं, "भाऊ, इंजिन ठोकून राहिलं." चांगला मेकॅनिक हे ऐकून लगेच पाना हातात घेत नाही. तो आधी विचारतो : कधी ठोकते? सकाळी सुरू केल्या केल्या, की गरम झाल्यावर? उभ्या गाडीत, की चढावर? रेस दिल्यावर, की सोडल्यावर?

हेच प्रश्न शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी इंग्लंड आणि अमेरिकेतल्या काही इंजिनियरांनाही पडले होते. त्यांनी ठोक्याचं कारण शोधलं आणि तो बंद करणारं औषधही शोधलं. त्या औषधानं पुढची सत्तर-पंचाहत्तर वर्षं जगभरच्या शहरांच्या हवेत विष कालवलं. गाडी शांत झाली आणि तिची किंमत रस्त्याकडेला राहणाऱ्या मुलांच्या रक्तानं मोजली. हा इतिहास नागपूरच्या रस्त्यांवरूनही गेला आहे आणि पेट्रोल पंपावर तो अजून संपलेला नाही.

एक तक्रार, पाच आवाज

आधी आवाजांची ओळख करून घेऊ. 'इंजिन ठोकतं' ही तक्रार एक असली तरी तिच्यामागे अगदी वेगवेगळे आजार असतात.

पहिला आवाज टॅपेटचा. इंजिनच्या वरच्या भागातून येणारी हलकी टिकटिक. व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट क्रँकच्या निम्म्या वेगानं फिरतो, त्यामुळे या टिकटिकीचा तालही इंजिनच्या निम्म्या वेगाचा असतो. फीलर गेज घालून फट मोजायची आणि ठरल्याएवढी करायची. काम तासाभराचं.

दुसरा आवाज पिस्टनचा. सिलिंडर झिजला की थंड इंजिनात पिस्टन आत डगमगतो आणि भिंतीवर आपटतो. इंजिन तापलं की पिस्टन प्रसरण पावतो, फट भरते आणि आवाज कमी होतो. सकाळी वाजणारी आणि चार किलोमीटरनंतर गप्प होणारी गाडी बहुधा या जातीची. अशी गाडी पुढे बराच काळ चालू शकते.

तिसरा आवाज ऐकून मेकॅनिकचा चेहरा बदलतो. कनेक्टिंग रॉड क्रँकला जिथे धरतो तिथलं बेअरिंग झिजलं की क्रँकच्या फेरीबरोबर खणखणीत ठोका बसतो. रेस देऊन सोडताना तो सर्वांत स्पष्ट ऐकू येतो. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीत मेकॅनिक एकेका प्लगची वायर काढून बघतो. ज्या सिलिंडरची वायर काढल्यावर ठोका मंदावतो, आजार तिथे. (नव्या इलेक्ट्रॉनिक इग्निशनच्या गाडीत असं करू नये, कॉइल जाऊ शकते.) अशी गाडी चालवत घरी न्यायची नाही, टोचन लावायचं. नाहीतर रॉड ब्लॉक फोडून बाहेर येतो.

चौथा मेन बेअरिंगचा. खोल, जड धपधप. ती गाडीवर भार आला की वाढते आणि सोबत ऑइलचं प्रेशर उतरतं.

आवाज नेमका कुठून येतो हे शोधायला लांब पेचकस पुरतो. टोक इंजिनवर टेकवायचं आणि लाकडी मूठ कानाजवळच्या हाडाला लावायची. १८१६ मध्ये पॅरिसच्या लाएनेक या डॉक्टरानं कागदाची सुरळी छातीला लावून स्टेथोस्कोपची सुरुवात केली, त्यामागचं तत्त्वही हेच.

पाचवा आवाज मात्र पेचकसाला सापडत नाही. गाडी भरलेली आहे, ऊन तापलंय, परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढताय, वरचा गियर आहे आणि अ‍ॅक्सिलरेटर दाबलेला. पत्र्याच्या डब्यात मूठभर चणे हलवावेत तसा आवाज येतो. पाय जरा उचलला की थांबतो, दाबला की पुन्हा सुरू. घाट संपला की काहीच नाही. गॅरेजमध्ये उभ्या गाडीत तर तो येणारच नाही. इंजिन उघडलं तरी सुरुवातीला एकही भाग तुटलेला दिसत नाही. मेकॅनिक याला 'नॉकिंग' किंवा 'पिंगिंग' म्हणतात. आपली गोष्ट या आवाजाची.

शेवटच्या कोपऱ्यातला स्फोट

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या आवाजाबद्दल अनेक तर्क होते. कुणी बेअरिंगला दोष द्यायचं, कुणी सिलिंडरमध्ये साचलेल्या कार्बनला. ठिणगी पडण्याआधीच मिश्रण पेटतं, असंही अनेकांना वाटायचं.

केंब्रिजमध्ये प्राध्यापक बर्ट्रम हॉपकिन्सन यांच्या हाताखाली शिकणाऱ्या हॅरी रिकार्डो या तरुणानं वेगळं कारण मांडलं. प्लगची ठिणगी वेळेवरच पडते. तिथून ज्योत पसरू लागते. ती पसरते तसा उरलेल्या, अजून न जळलेल्या मिश्रणावर दाब आणि उष्णता वाढत जाते. ज्योत तिथे पोहोचण्याआधीच ते उरलेलं मिश्रण आपलं आपण, एकदम पेटलं, तर दाबाच्या लाटा सिलिंडरच्या भिंतींवर आदळतात. आपल्याला ऐकू येतो तो या लाटांचा आवाज. तो फार काळ चालला तर पिस्टनची कड वितळते, रिंगा तुटतात, गॅस्केट जातं.

यातून एक मोठी गोष्ट निघाली. इंजिन जितकं जास्त मिश्रण दाबेल तितकी ताकद आणि अ‍ॅव्हरेज जास्त, पण दाब वाढवला की ठोका सुरू होतो. म्हणजे इंजिनची मर्यादा यंत्रात नव्हती, पेट्रोलमध्ये होती. वेगवेगळ्या पेट्रोलांच्या अंगात ठोका सहन करण्याची ताकद वेगवेगळी असते, हे रिकार्डोनं दाखवून दिलं. बोर्निओच्या तेलाचं पेट्रोल दाब चांगलं सोसायचं, कारण त्यात बेंझीन-टोल्युइनच्या कुळातली द्रव्यं भरपूर होती.

पुढे १९२० च्या दशकात ग्रॅहम एडगर या अमेरिकी रसायनतज्ज्ञानं ही ताकद मोजायची पट्टी दिली. आयसोऑक्टेनला १०० गुण, सहज ठोकणाऱ्या हेप्टेनला शून्य. पंपावर आज '९१' किंवा '९५' असे आकडे दिसतात ते या पट्टीवरचे. ऑक्टेन म्हणजे पेट्रोलची ताकद, हा समज चुकीचा आहे. ऑक्टेन म्हणजे पेट्रोलची सहनशक्ती. कमी दाबाच्या इंजिनात महागडं, जास्त ऑक्टेनचं पेट्रोल भरून जास्त ताकद मिळत नाही.

डेटनमधलं औषध

अमेरिकेत हा प्रश्न चार्ल्स केटरिंग यांच्यापुढे आला. गाडीला हँडल मारायची गरज संपवणारा विजेचा स्टार्टर त्यांनीच बनवला होता. त्यांच्या कंपनीची शेतघरांसाठीची वीज-जनित्रं रॉकेलवर चालायची आणि जोरात ठोकायची. १९१६ मध्ये त्यांनी थॉमस मिजली या तरुण इंजिनियराला कामाला लावलं.

मिजलीची पहिली कल्पना अशी होती की इंधनाला लाल रंग दिला तर ते उष्णता लवकर शोषेल आणि ठोका थांबेल. लाल रंग हाताशी नव्हता म्हणून त्यानं आयोडीन टाकलं, आणि ठोका खरंच थांबला! नंतर दुसरे लाल रंग टाकून पाहिले, तर काही फरक नाही. काम रंगाचं नव्हतं, आयोडीनचं होतं. मग एकामागून एक रसायनं तपासण्याचा सपाटा सुरू झाला. ९ डिसेंबर १९२१ रोजी टेट्राएथिल लेड, म्हणजे शिशाचं एक संयुग, इंजिनात गेलं. अगदी थोड्या प्रमाणात टाकूनही ठोका पूर्ण बंद झाला.

इथे एक गोष्ट नोंदवून ठेवा, पुढे ती परत येणार आहे. अल्कोहोल मिसळलेलं पेट्रोल ठोकत नाही, हे मिजली आणि केटरिंग यांना माहीत होतं. पण अल्कोहोल पेट्रोलमध्ये बरंच मिसळावं लागे आणि ते कुणीही बनवू शकत होतं. शिसं गॅलनला काही मिलिलिटर पुरे आणि त्याचं पेटंट घेता येत होतं. १९२३ मध्ये ओहायोतल्या डेटन शहरात हे पेट्रोल विकायला आलं. नाव ठेवलं 'एथिल'. नावात शिशाचा उल्लेख नव्हता.

शिसं विषारी असतं हे तेव्हा सगळ्यांना ठाऊक होतं. मिजलीला स्वतःला त्याची बाधा झाली होती. ऑक्टोबर १९२४ मध्ये न्यू जर्सीतल्या बेवे इथल्या कारखान्यात हे रसायन बनवणारे पाच कामगार भ्रमिष्ट होऊन मेले आणि कित्येक रुग्णालयात गेले. मिजलीनं पत्रकारांसमोर त्याच रसायनानं हात धुऊन ते निर्धोक असल्याचं दाखवलं. अ‍ॅलिस हॅमिल्टन या डॉक्टर विदुषीनं आणि येलच्या यँडेल हेंडरसन यांनी इशारा दिला की खरा धोका कारखान्यात नाही, तो गाड्यांच्या धुरातून रस्त्यावर सांडणाऱ्या शिशाचा आहे. १९२५ च्या सरकारी परिषदेनंतर काही महिने विक्री थांबली. तज्ज्ञांच्या समितीनं बंदी घालण्याइतका पुरावा नाही असं म्हटलं आणि विक्री पुन्हा सुरू झाली. ठोका लगेच ऐकू येत होता. शिशाचा परिणाम दिसायला एक पिढी जाणार होती.

फियाट, अ‍ॅम्बेसेडर आणि नीरी

आपल्याकडे वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सनं १९४७ पासून कुर्ल्याच्या कारखान्यात गाड्या जोडायला सुरुवात केली. इथल्याच फियाट ११०० ची पुढे 'प्रीमियर पद्मिनी' झाली. तिकडे बंगालमध्ये उत्तरपाड्याला हिंदुस्थान मोटर्सची अ‍ॅम्बेसेडर १९५८ च्या सुमारास सुरू झाली आणि २०१४ पर्यंत टिकली. दोन्ही गाड्यांचे साचे युरोपातले, पण इंधन इथलं. पेट्रोलचं ऑक्टेन कमी, म्हणून या इंजिनांचा कॉम्प्रेशन रेशोही कमी, सात-आठच्या आसपास. आजच्या साध्या पेट्रोल गाडीत तो दहा ते बारापर्यंत असतो.

तरीही विदर्भात ठोका सुटत नसे, कारण ठोक्याला उष्णता लागते आणि ती इथे फुकट मिळते. नागपुरात २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंश तापमान नोंदवलं गेलं. इंजिनात जाणारी हवाच इतकी गरम असेल तर शेवटच्या कोपऱ्यातलं मिश्रण लवकर पेटणार. त्यात रेडिएटर क्षाराने भरलेला, सिलिंडरच्या डोक्यावर कार्बनचा थर आणि टायमिंग जरा पुढे सरकलेलं, की सेमिनरी हिल्सचा छोटा चढही पुरे. जाणता मेकॅनिक अशा वेळी डिस्ट्रिब्युटर सैल करून किंचित फिरवायचा, ठिणगी थोडी उशिरा पडेल असं करायचा आणि गाडी चढावर नेऊन कानानं खात्री करायचा. थोडी ताकद जायची, पण पिस्टन वाचायचा.

पंपावरच्या पेट्रोलमधलं शिसंही आपलं काम करतच होतं. ते धुरातून बाहेर पडायचं आणि धुळीत मिसळायचं. शिसं लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीवर घाला घालतं, बुद्धी आणि वागणूक दोन्ही बिघडवतं. आज जागतिक आरोग्य संघटना सांगते की रक्तातल्या शिशाची कोणतीच पातळी सुरक्षित म्हणता येत नाही.

हवा मोजणारी देशातली एक मोठी संस्था नागपूरचीच. १९५८ मध्ये स्थापन झालेली आणि १९७४ पासून 'नीरी' या नावानं ओळखली जाणारी राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था. १९७८ मध्ये तिनं दहा शहरांत नियमितपणे हवा तपासायला सुरुवात केली, त्यांत मुंबई, दिल्ली, कलकत्ता यांच्याबरोबर नागपूरही होतं. गॅरेजमध्ये कुणी इंजिनचा आवाज ऐकत होतं आणि त्याच शहरात कुणी हवेतले कण गाळून, तोलून बघत होतं. दोघांनाही एकाच साखळीची दोन टोकं दिसत होती.

शिसं जायला कारण ठरलं ते सर्वोच्च न्यायालयात एम. सी. मेहता यांनी लढवलेलं प्रकरण आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. धूर स्वच्छ करणारा हा भाग शिशानं निकामी होतो. म्हणून १ एप्रिल १९९५ पासून चार महानगरांत कन्व्हर्टरवाल्या नव्या गाड्यांसाठी शिसेमुक्त पेट्रोल आलं. त्या दशकाच्या शेवटी बंगळूरच्या जॉर्ज फाउंडेशननं मोठ्या शहरांतल्या मुलांचं रक्त तपासलं, तेव्हा निम्म्याहून अधिक मुलांत शिसं तेव्हाच्या धोक्याच्या रेषेपेक्षा जास्त निघालं. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेयुक्त पेट्रोल बंद झालं. जगातला शेवटचा देश अल्जीरिया, तिथे ते २०२१ पर्यंत विकलं जात होतं.

जुन्या गाड्यांच्या मालकांना मात्र घोर लागला. शिसं व्हॉल्व्हच्या सीटवर बारीक थर देऊन तिची झीजही रोखत होतं. तो थर गेल्यावर काहींनी हेड उतरवून कठीण धातूच्या सीट बसवून घेतल्या.

ऐकायचं काम सेन्सरकडे

याच सुमारास कान मागे पडू लागले. १९७८ च्या अमेरिकी ब्यूक गाडीत ठोका ओळखणारा सेन्सर आला होता. इंजिनच्या ब्लॉकवर बसवलेला एक छोटा स्फटिक ठोक्याची विशिष्ट थरथर टिपतो आणि संगणक क्षणात ठिणगी मागे घेतो. आज फ्युएल इंजेक्शनच्या बहुतेक गाड्यांत तो असतो.

सेन्सर इलाज बरोबर करतो, पण काही सांगत नाही. खराब पेट्रोल असो की तुंबलेला रेडिएटर, तुम्हाला ठोका ऐकूच येत नाही. फक्त गाडी चढावर मरगळते आणि अ‍ॅव्हरेज घसरतं. शिवाय सेन्सरही चुकतो. मे २०२४ च्या अखेरीस नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्रानं ५६ अंश तापमान दाखवलं आणि देशभर खळबळ उडाली. हवामान खात्यानं नंतर सांगितलं की सेन्सर बिघडला होता. यंत्राचा आकडा खरा मानण्याआधी 'हे शक्य आहे का?' असं विचारणारा माणूस लागतोच.

अल्कोहोलचं पुनरागमन

मिजलीनं बाजूला ठेवलेलं अल्कोहोल आता परत आलं आहे. खरं तर भारतात त्याची आठवण जुनी आहे. साखर कारखान्यांच्या मळीपासून इंधन बनावं म्हणून १९४८ मध्ये 'इंडियन पॉवर अल्कोहोल अ‍ॅक्ट' झाला होता. तो रद्द झाला २००० मध्ये, म्हणजे ज्या वर्षी शिसं गेलं त्याच वर्षी. पुढच्याच वर्षी, २००१ मध्ये, इथेनॉलमिश्रित पेट्रोलचे पहिले प्रयोग मिरज आणि मनमाड इथे आणि उत्तर प्रदेशात बरेलीजवळ सुरू झाले. २००३ मध्ये महाराष्ट्रासह नऊ राज्यांत ५ टक्के मिश्रण आलं. २०२२ मध्ये देशाची सरासरी १० टक्क्यांवर पोहोचली आणि २०२५ मध्ये २० टक्क्यांवर.

नागपूरचं नाव यात ठळक आहे. इथले खासदार नितीन गडकरी केंद्रात रस्ते वाहतूक मंत्री आहेत आणि इथेनॉलचे सर्वांत बोलके पुरस्कर्तेही. २०१४ मध्ये स्कॅनियाची इथेनॉलवर धावणारी हिरवी बस नागपुरात उतरली. त्या बसचं इंजिन डिझेलच्या जातीचं होतं. डिझेलमध्ये इंधनानं स्वतःहून पेटावं अशीच अपेक्षा असते आणि इथेनॉल तर सहजी पेटत नाही. म्हणून त्या इंधनात ९५ टक्के इथेनॉलबरोबर पेटायला मदत करणारं द्रव्य घालावं लागे. पेट्रोल इंजिनात जो इथेनॉलचा गुण, तोच डिझेलच्या जातीत अवगुण. २०१८ मध्ये ही सेवा थांबली.

मग २० टक्के इथेनॉलनं जुनी गाडी ठोकते का? ऑगस्ट २०२५ मध्ये समाजमाध्यमांवर हा वाद पेटला. १ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयानं याबद्दलची याचिका फेटाळली. पण याचिका फेटाळली म्हणून गॅरेजमधला प्रश्न सुटत नाही. तिथलं उत्तर सरळ 'हो' किंवा 'नाही' असं नाही.

इथेनॉल ऑक्टेन वाढवतं, म्हणजे ठोका कमीच व्हायला हवा. पण ते जुन्या टाकीत साठलेला गाळ सोडवतं आणि तो गाळ फिल्टरमध्ये, कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये अडकतो. त्यातच ऑक्सिजन असल्यानं जुन्या कार्ब्युरेटरमध्ये मिश्रण आपोआप पातळ होतं. पातळ मिश्रण आणि तुंबलेला जेट मिळून इंजिन तापतं आणि तापलेलं इंजिन ठोकू शकतं. जुने रबरी पाइप आणि पंपाचा पडदा फुगतो, चिरतो. लिटरमागे ऊर्जा कमी असल्यानं अ‍ॅव्हरेजही घटतं. १० टक्के मिश्रणापर्यंतच जुळवलेल्या चारचाकींसाठी नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालानंच ही घट ६ ते ७ टक्के धरली होती.

इथेनॉल म्हणजे नवं शिसं, असं म्हणणं चूक आहे. ते मुलांच्या मेंदूत साचत नाही. पण एक साम्य डोळ्यांआड करू नये. पंपावर काय भरायचं हे दोन्ही वेळा दुसऱ्यांनी ठरवलं आणि परिणाम निस्तरायचं काम ज्याच्याकडे जुनी गाडी आहे त्याच्याकडे आलं. ती गाडी वापरणारा हौशी संग्राहक असतोच असं नाही. पुष्कळदा तो भाजी, पाहुणे आणि आजारी आईला एकाच गाडीतून नेणारा माणूस असतो.

त्याच्यासाठी आजही क्रम जुनाच आहे. आवाज कधी येतो ते आधी लिहून काढा. चढावर आणि भाराखाली येत असेल तर पाणी, रेडिएटर, टायमिंग, प्लग, फिल्टर आणि जेट या क्रमानं बघा. पाइप आणि पंपाचा पडदा बदलून घ्या. गाडी महिनोन् महिने उभी राहणार असेल तर टाकीत जुनं पेट्रोल ठेवू नका, इथेनॉल पाणी ओढतं. ऑइलचा दिवा लागून खणखणीत ठोका येत असेल तर पेट्रोलला दोष देत बसू नका, इंजिन तिथेच बंद करा. आणि आवाज दाबणारी बाटली टाकीत ओतण्याआधी तिच्यात काय आहे आणि ते धुरातून कुठे जाणार, एवढं विचारा. १९२३ मध्ये डेटनच्या पंपावर हा प्रश्न फार थोड्यांनी विचारला होता.